घास मऊ करण्याआधी तोंड बघा

इंदूरमध्ये पोह्यांवर सेव नको म्हणणारं माणूस विरळाच. म्हणून घरातले आजोबा एखाद्या सकाळी "माझ्या ताटलीत सेव घालू नका" असं म्हणाले, तर त्याची नोंद घ्यायला हवी. बहुतेक घरांत ती घेतली जात नाही. वय झालं, तिखट सोसत नसेल, असं म्हणून विषय संपतो. काही महिन्यांनी पेरू बंद होतो. मग भाजलेले दाणे, मग मटकीची उसळ, मग भाकरीच्या कडा ताटात राहू लागतात. शेवटी उरतो तो चहात बुडवलेला टोस्ट, मऊ भात, खिचडी आणि केळं. हे सगळं इतकं हळू घडतं की रोज शेजारी बसून जेवणाऱ्यालाही कळत नाही.

मी दातांची डॉक्टर आहे. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतली पुष्कळ मराठी कुटुंबं आई-वडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. तक्रार ठरलेली असते, एक तर दाढ दुखते, नाहीतर कवळी हलते. मी जेवणाबद्दल विचारलं की उत्तर पेशंट देत नाही, मुलगा किंवा सून देते: "जेवणाचा काही त्रास नाही डॉक्टर, आम्ही सगळं मिक्सरमधून काढून देतो." हे मायेनेच केलेलं असतं, यात मला शंका नाही. पण मऊ जेवणाने त्रास फक्त दिसेनासा होतो. मूळ कारण तसंच राहतं आणि तोंडाचं काम आणखी कमी होतं. घास मऊ करण्याआधी तो चावला का जात नाही, हे शोधलं पाहिजे. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

एका घासाचा प्रवास

आपण "दात गेले म्हणून खाता येत नाही" असं सहज म्हणतो. खरं तर दात हा या कामातला एक गडी आहे. भाकरी-उसळीचा घास तोंडात गेला की आधी ओठ मिटतात, नाहीतर रस बाहेर ओघळेल. दाढा घास भरडतात. पण भरडताना तो दाढांच्या मधून सारखा निसटत असतो, आणि त्याला परत दाढांखाली ढकलण्याचं काम आतून जीभ आणि बाहेरून गाल करतात. तेवढ्यात लाळ सुटते. कोरड्या पिठात पाण्याचा हात लावून कणीक मळावी, तसं जीभ त्या भरडलेल्या चुऱ्याचा लाळेत एक गोळा करते. हा गोळा नीट जमला तरच सुखरूप गिळता येतो. मग जीभ टाळूवर दाबली जाते आणि गोळा मागे सरकतो. त्याच क्षणी मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, श्वासनलिकेवर झाकण येतं आणि श्वास क्षणभर थांबतो. घास अन्ननलिकेत उतरला की श्वास पुन्हा सुरू. गिळण्याचं हे सगळं काम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होऊन जातं, दिवसातून शेकडो वेळा.

यातला कुठलाही दुवा कमकुवत झाला तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं, की माणूस अमुक पदार्थ खाईनासा होतो. दात ठणठणीत असून जीभ दुबळी असेल, तर घास गालात तसाच पडून राहतो. जीभ चांगली आहे पण लाळ नाही, तर पोह्यांसारखा सुटा पदार्थ तोंडभर पसरतो आणि घशात चिकटतो. म्हणून ज्यांना तोंड कोरडं पडण्याचा त्रास आहे त्यांना पोहे मऊ असूनही ठसका लागतो, तर तुपातला मऊ शिरा सहज जातो. आजोबांनी सेव नाकारली ती तिखटामुळे की दाढेमुळे की लाळेमुळे, हे नुसतं बघून ओळखता येत नाही.

जपानने दात मोजले, मग आणखी काही मोजलं

या विषयाचा सगळ्यात खोल अभ्यास जपानमध्ये झाला आहे, कारण तिथे म्हाताऱ्या माणसांची संख्या फार आधीपासून वाढत गेली. १९८९ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने आणि दंतवैद्यांच्या संघटनेने "८०२०" नावाची मोहीम सुरू केली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे निदान वीस दात तोंडात असावेत. वीसच का, तर साधारण तेवढे दात असले की बहुतेक सगळे पदार्थ चावता येतात. मोहीम सुरू झाली तेव्हा त्या वयाच्या दहा जणांतला एकही जेमतेम या कसोटीला उतरत होता. २०१६च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या वर, ५१.२ टक्क्यांवर गेलं. म्हातारपणी तोंडाचं बोळकं होणारच, हा समज एका देशाने पंचवीस-तीस वर्षांत खोटा ठरवला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे पन्नाशीतलं माणूससुद्धा "आता काय, काढून टाका सगळे" असं सहज म्हणतं, तेव्हा मी त्यांना हाच आकडा सांगते.

पण दात राखूनही काहींना नीट जेवता येत नव्हतं. म्हणून २०१६ साली तिथल्या वृद्धांच्या दंतवैद्यकाच्या संस्थेने तोंडाचं कार्य मोजण्याच्या सात कसोट्या ठरवल्या. जिभेवरचा पांढरा थर, तोंडातला ओलावा, चावण्याचा जोर, ओठ आणि जिभेची चपळाई, जिभेची ताकद, घास बारीक करण्याची क्षमता आणि गिळणं. सातांपैकी तीन किंवा जास्त ठिकाणी माणूस कमी पडला तर त्याच्या तोंडाचं कार्य खालावलं आहे असं निदान होतं. २०१८पासून हे निदान तिथल्या सरकारी आरोग्य विम्यातही धरलं जातं.

या कसोट्या कशा घेतात ते बघण्यासारखं आहे. घास बारीक करण्याची क्षमता मोजायला दोन ग्रॅमची एक चिवट, गोड जेलीची गोळी वीस सेकंद चावायला देतात. मग थोडं पाणी तोंडात घेऊन ते थुंकायचं, आणि त्या पाण्यात किती साखर उतरली ते मोजायचं. जेली जितकी बारीक झाली तितकी साखर जास्त सुटते. जिभेची ताकद मोजायला हवा भरलेला छोटा फुगा जीभ आणि टाळू यांच्यामध्ये ठेवून दाबायला सांगतात. ३० किलोपास्कलच्या (किलोपास्कल हे दाब मोजण्याचं माप) खाली दाब आला तर जीभ दुबळी. चपळाई मोजायला "प", "त" आणि "क" ही अक्षरं एकेक करून भराभर म्हणायला लावतात. सेकंदाला सहापेक्षा कमी झाली, तर ओठ-जिभेची हालचाल मंदावली आहे.

प, त, क हीच अक्षरं का, हे मराठी माणसाला समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. शाळेत आपण ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य असे वर्ग पाठ केलेले असतात. "प" म्हणताना ओठ घट्ट मिटतात, म्हणजे घास आत धरणारे स्नायू. "त"ला जिभेचं टोक दातांमागे लागतं, म्हणजे घास गोळा करणारा भाग. "क"ला जिभेची मागची बाजू वर उचलते, म्हणजे घास घशात ढकलणारा भाग. बोलताना आणि गिळताना वापरले जाणारे स्नायू बरेचसे तेच असतात. म्हणून बोबडं, अस्पष्ट किंवा रेंगाळत बोलणं सुरू झालं, तर जेवणाकडेही लक्ष द्यावं. मात्र बोलणं अचानक, काही तासांत बदललं तर तो अर्धांगवायू असू शकतो. तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे नाही, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलमध्ये जायचं.

तोंडापासून पायांपर्यंत

टोकियोजवळच्या काशिवा शहरात सुमारे २,००० ज्येष्ठ नागरिकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्यांचं तोंड सुरुवातीलाच बऱ्याच बाबतींत दुबळं होतं, त्यांच्यात पुढे शरीर एकंदर थकण्याचं, स्नायू झडण्याचं आणि दुसऱ्याच्या आधाराची गरज लागण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. मृत्यूचं प्रमाणही दुपटीच्या आसपास होतं. अशा पाहणीतून दोन गोष्टी सोबत चालतात एवढं कळतं, एकीमुळेच दुसरी झाली असं लगेच म्हणता येत नाही. पण मधली साखळी समजण्यासारखी आहे.

चावायला त्रास होतो म्हणून ताटातून आधी काय जातं ते पाहा: दाणे, उसळी, कोशिंबीर, पालेभाजीचे देठ, फळं, आणि खात असतील तर मटण. म्हणजे प्रथिनं आणि चोथा. उरतो तो भात, टोस्ट, बिस्किटं, साबुदाण्याची खिचडी. पोट भरतं, पण स्नायूंना काही मिळत नाही. ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं पोषणतज्ज्ञांचं सर्वसाधारण मत आहे. (किडनीचा आजार असेल तर हे माप डॉक्टरांनी ठरवायचं.) साठ किलोच्या आजीला साठ-सत्तर ग्रॅम. चहा-टोस्ट आणि मऊ भातावर ते निम्मंही भरत नाही. मग मांड्या बारीक होतात, उठताना हाताचा आधार लागतो, बाहेर जाणं कमी होतं, भूक मंदावते. इकडे जबड्याला आणि जिभेला रोज कमी काम पडतं, म्हणून तेही स्नायू झडतात. मग अन्न आणखी मऊ. मिक्सरच्या वाटीची भीती मला वाटते ती यामुळे.

दुसरं नुकसान कमी बोललं जातं. दाताचं भान असलेलं माणूस लग्नाच्या पंगतीत बसत नाही. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या बाजारात, सगळे गराडू (तळलेला कंद) आणि खोपरा पॅटिस खायला निघाले की आजी "मी घरीच बरी" म्हणतात. चार माणसांत हळू जेवण्याची, घास सांडण्याची, कवळी निसटण्याची लाज वाटते. एकट्याने जेवणारं माणूस कमी जेवतं, हे सांगायला कुठल्या अभ्यासाची गरज नाही.

लाळ आटते ती बहुतेकदा औषधांनी

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. नुसत्या वयामुळे ती फारशी आटत नाही. ज्येष्ठांच्या कोरड्या तोंडामागे बहुतेकदा रोजच्या गोळ्या असतात. लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या गोळ्या, नैराश्यावरची आणि झोपेची काही औषधं, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, शरीरातलं पाणी काढणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, या सगळ्यांनी लाळ कमी होऊ शकते. अशा तीन-चार एकत्र असतील तर परिणाम वाढत जातो. जोडीला मधुमेह असेल तर आणखी.

लाळ नसली की जेवण तर अडतंच, पण दातही भराभर किडतात, कारण आम्ल धुऊन काढणारं आणि दाताला खनिजं परत देणारं तेच द्रव्य असतं. वयानुसार हिरड्या खाली सरकलेल्या असतात आणि दातांची मुळं उघडी पडलेली असतात. मुळावर वरच्या भागासारखं कडक कवच नसतं, म्हणून कीड तिथे झटकन लागते. माझ्याकडे एक काका आले होते. आयुष्यभर दातांची तक्रार नव्हती आणि एकाच वर्षात पुढचे चार दात हिरडीपाशी काळे पडून कापल्यासारखे तुटले. बोलता बोलता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून श्रीखंडाच्या गोळ्यांची पुडी काढली. प्रोस्टेटची गोळी सुरू झाल्यापासून तोंड कोरडं पडायचं, म्हणून दिवसभर यातली एक गोड गोळी जिभेखाली असायची. लाळ नाही आणि साखर मात्र चोवीस तास, म्हणजे किडीला रान मोकळं. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून त्यांचं प्रोस्टेटचं औषध बदललं, श्रीखंडाच्या गोळ्या बंद केल्या, दर थोड्या वेळाने पाण्याचा घोट, बिनसाखरेचं च्युइंगम आणि जास्त फ्लोराइडची पेस्ट सुरू केली. तुटलेले दात परत आले नाहीत, पण बाकीचे राहिले.

औषध स्वतःहून बंद मात्र कधीही करू नये. डॉक्टरांना फक्त "यामुळे तोंड कोरडं पडतं, दुसरं काही देता येईल का?" एवढं विचारायचं. हा प्रश्न फारच कमी लोक विचारतात. औषधांच्या आणखी दोन गोष्टी इथेच सांगते. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या सुजून दातांवर चढतात. आणि दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते, जीभ झोंबते आणि जेवण नकोसं होतं.

कपाटातली कवळी

पुष्कळ घरांत कवळी असते, पण ती कपाटात, स्टीलच्या डबीत. लग्नकार्याला आणि फोटोपुरती बाहेर येते. विचारलं की "टोचते", "हलते", "चव लागत नाही". यात म्हाताऱ्या माणसाचा हट्ट नसतो. दात काढल्यावर जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं. कवळी तीच राहते आणि खालची जागा बदलते. खालच्या जबड्यात तर तिला धरून ठेवायला टाळूही नसतो. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या साधारण पाव हिश्श्यावर येतो, आणि ती सैल असेल तर त्याहूनही कमी. म्हणून कवळी एकदा करून काम संपत नाही. दर वर्षी दाखवायची, सैल झाली तर आतून अस्तर भरून घ्यायचं, फारच झिजली तर नवी करायची. हाड आणि तब्येत ठीक असेल तर खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात रोवलेले खुंट) बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. हलत्या कवळीने गांजलेल्यांना याचा फार उपयोग होतो.

रात्री कवळी काढायची. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. कवळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा आणि बुरशीचा चिकट थर बसतो आणि झोपेत तो लाळेबरोबर थोडाथोडा फुप्फुसात झिरपू शकतो. धुताना खाली पाण्याने भरलेलं पातेलं ठेवावं, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. टूथपेस्टने तिच्यावर ओरखडे पडतात आणि कढत पाण्याने ती वाकते. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवावी, कोरडी ठेवू नये.

ठसका, खोकला आणि संध्याकाळचा ताप

म्हातारपणी चहाचा ठसका लागला की पाठीवर थाप मारून आपण हसतो. एखाद्या वेळी कुणालाही लागतो. पण पातळ पदार्थाचा वारंवार लागू लागला, तर गिळताना श्वासनलिकेचं झाकण वेळेवर पडत नाही असं समजावं. घट्ट वरणापेक्षा पाणी जास्त अवघड जातं, कारण ते वेगाने घशात पोचतं आणि स्नायूंना सावरायला वेळ मिळत नाही. काही जणांमध्ये तर खोकल्याची ऊर्मीच बोथट झालेली असते. अन्न फुप्फुसाकडे जातं आणि ठसकाही लागत नाही. अशा वेळी खुणा वेगळ्या असतात: जेवणानंतर आवाज ओला, घरघरता होणं, कफ वाढणं, अधूनमधून संध्याकाळी ताप, आणि वजन घटणं. साठ किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत तीन किलो वजन आपोआप कमी झालं तर थांबू नये.

इथे तोंडाच्या स्वच्छतेचा संबंध थेट येतो. फुप्फुसात उतरणारी लाळ जितकी घाण, तितका न्यूमोनिया पक्का. जपानमधल्या अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षं चाललेला एक अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्यांचे दात-तोंड कर्मचारी रोज प्रत्येक जेवणानंतर घासून साफ करत होते, त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के जणांना झाला. बाकीच्यांत १९ टक्के. ब्रश, पाणी आणि कुणाचा तरी थोडा वेळ, एवढ्याच भांडवलावर हा फरक पडला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपण स्पंजिंग करतो, पावडर लावतो, पण तोंड मात्र दिवसेंदिवस तसंच राहतं. हे बदलायला हवं. अर्धांगवायू झालेल्यांच्या बाबतीत जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन लुळ्या बाजूच्या गालात बघावं. तिथे सकाळचा घास संध्याकाळीही सापडतो, आणि त्या माणसाला त्याची जाणीवही नसते.

घरी काय बघता येतं

जपानमधल्या तीन तज्ज्ञ संस्थांनी २०२४ साली घरच्या घरी विचारायचे पाच प्रश्न सुचवले. स्वतःचे दात वीसपेक्षा कमी आहेत का? सहा महिन्यांपूर्वीपेक्षा कडक पदार्थ चावायला जड जातात का? चहा किंवा सूप पिताना अलीकडे ठसका लागतो का? तोंड वारंवार कोरडं पडतं का? अलीकडे शब्द स्पष्ट उच्चारता येत नाहीत असं होतं का? पाचांपैकी दोनांचं उत्तर "हो" आलं तर तोंड दुबळं होत चाललं आहे असं धरायचं. आपल्याकडे कडक पदार्थ म्हणून पेरू, भाजलेले दाणे किंवा पावसाळ्यातला भाजलेला भुट्टा डोळ्यांसमोर ठेवून विचारा. "चावायला त्रास होतो का?" असं मोघम विचारलं की आपली माणसं "छे, काही नाही" म्हणतात. "गेल्या पावसाळ्यात भुट्टा खाल्ला होतात, या वर्षी का नाही?" असं विचारलं की खरं कळतं.

गिळण्याची एक साधी तपासणीही आहे. नीट बसवून अर्ध्या मिनिटात फक्त लाळ जमेल तितक्या वेळा गिळायला सांगायची. गळ्यावरची कंठमणी वर जाऊन खाली येते ती मोजायची. तीनदासुद्धा जमलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं.

व्यायाम फार अवघड नाहीत. जीभ टाळूवर जोरात दाबून धरायची, सोडायची, असं दहा वेळा. गाल फुगवायचे, आत ओढायचे. जीभ बाहेर काढून दोन्ही बाजूंना न्यायची. "प त क" ही अक्षरं जेवणाआधी मिनिटभर भराभर म्हणायची. ज्यांना हे पोरकट वाटतं त्यांना मी पाढे म्हणायला सांगते, मोठ्याने, स्पष्ट, पावकी-निमकीसकट. सत्तरीच्या पुढच्या पिढीला ते अजून मुखोद्गत आहेत. ज्यांच्या घरी संध्याकाळी दिवा लावून स्तोत्रं म्हणतात, त्यांनी ती पुटपुटू नयेत, खणखणीत म्हणावीत. जोडाक्षरांनी भरलेल्या संस्कृत ओळींत ओठ, जीभ आणि श्वास तिघांनाही चांगलं काम पडतं. नातवंडाला शेजारी बसवलं तर दोघांचंही भलं.

जेवण सोपं करावं लागलं तरी एकदम पेस्टवर जाऊ नका. मटकी, मूग, चवळी कुकरमध्ये एक-दोन शिट्ट्या जास्त देऊन बोटाने दाबले जातील इतके शिजवा, पण दाणा दाणा राहू द्या. पेरूच्या बिया काढून गर द्या, काकडी किसून दह्यात घाला. दाण्यांचा कूट भाजीत जाऊ शकतो. पोहे थोडे जास्त ओले ठेवा, लिंबू पिळा (आंबटाने लाळ सुटते), आणि सेवेऐवजी बारीक ठेचलेले दाणे किंवा मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ वर घाला. इंदूरचा भुट्ट्याचा कीस तर या वयासाठीच केल्यासारखा आहे: मका किसलेला, दुधात शिजलेला, चवीला खमंग आणि तरीही जिभेला थोडं काम देणारा. मुगाची धिरडी, पिठलं, पनीर, घट्ट वरण, चालत असेल तर अंडं, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. आणि तपासणीत गिळण्याचा धोका दिसला नसेल, तर प्रत्येक जेवणात एक तरी पदार्थ चावावा लागेल असा ठेवा. ज्यांना गिळायला खरंच त्रास आहे, त्यांचं अन्न किती घट्ट-पातळ ठेवायचं हे तज्ज्ञांना विचारूनच ठरवायचं. जेवताना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, टीव्ही बंद, घास लहान. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

डॉक्टरकडे जाताना

सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवावं, दात एकही नसला तरी. कारण तोंडात फक्त दात नसतात. तंबाखू, गुटखा, सुपारी, मशेरी यांपैकी काहीही आयुष्यात केलेलं असेल तर विशेष. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर सहा महिन्यांची वाट बघायची नाही. पैशांची अडचण असेल तर इंदूरच्या एमवाय या सरकारी हॉस्पिटलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जावं. तिथे दातांचे सगळे विभाग एका छताखाली आहेत. गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर पोचावं आणि ज्येष्ठांबरोबर एक धडधाकट माणूस असावं.

जाताना चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. नुसती नावं सांगू नका, पाकिटंच न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दात काढायचा म्हणून ती घरच्या घरी थांबवू नका. पुष्कळदा ती चालू ठेवूनच दात काढता येतो, आणि थांबवायची की नाही ते हृदयाचे डॉक्टर सांगतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा वर्षातून एक-दोनदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल, तर ते आवर्जून सांगा. त्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून अशी औषधं सुरू होण्याआधीच दातांची कामं उरकून घेणं चांगलं. साखरेचा अलीकडचा रिपोर्ट बरोबर ठेवा. हिरड्यांचा जुना आजार साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडवते, त्यामुळे दोन्हीचे उपचार एकाच वेळी चालवावे लागतात. कपाटातली कवळीही डबीसकट घेऊन या, ती कितीही जुनी असली तरी. आणि खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न आजी-आजोबांनाच विचारू द्या, उत्तरही त्यांनाच देऊ द्या. त्यांना बोलताना ऐकूनच मला अर्धी तपासणी करता येते.